चोराचा वाटा

मी एक जुनी लाकडी अलमारी आहे. माझा एक पाय आखूड आहे आणि त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला हलताना पाहून तुम्ही हसणार नाही.

मला बनवलं ते घरातल्या आईच्या धाकट्या भावाने. तो तेव्हा सुतारकाम नुकताच शिकत होता आणि बहिणीच्या लग्नात स्वतःच्या हातची वस्तू द्यायची असा त्याचा हट्ट होता. तीन पाय त्याने मापाने कापले, चौथा अंदाजाने. मला स्वयंपाकघरात उभं केलं तेव्हा मी डुगडुगले. तो म्हणाला, "ताई, तुझ्या घरची जमीनच सरळ नाही गं."

"हो ना," आई म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

माझ्या उजव्या दाराची खालची बिजागरीही पहिल्या दिवसापासून कुरकुरते. दार उघडलं की "कुईं" असा लांबलचक आवाज येतो, बाहेरच्या खोलीतही ऐकू जाईल एवढा. हा आवाज लक्षात ठेवा.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. त्या काळी कुणाला लांब फोन करायचा असला की आधी एक्स्चेंजला सांगावं लागे. शेकडो नंबर तिला तोंडपाठ होते. गल्लीत कुणाला डॉक्टरांचा नंबर हवा असला तर डिरेक्टरी उघडायच्या आधी तिला हाक मारत. तिला सगळे नंबरताई म्हणत. तिने आयुष्यात कधी सामानाची यादी केली नाही. "यादी विसराळू माणसं करतात," असं ती म्हणायची.

नाताळ हा तिच्या घरचा मोठा सण. पण डिसेंबरात सगळं जग एकमेकांना फोन करतं. तिला त्या महिन्यात श्वास घ्यायला फुरसत नसे, मग बाजार कुठला? म्हणून ती सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरुवात करी. दर शनिवारी कामावरून येताना एकच वस्तू. आधी टिकणारं सामान, म्हणजे बेदाणे, सुकी अंजिरं, संत्र्याच्या पाकवलेल्या साली. मग अक्रोड आणि साखर. मग द्राक्षाच्या रसाच्या सहा बाटल्या आणि मोठ्यांसाठी वाईनची एक. नोव्हेंबरात कॉफी, चॉकलेट, मेणबत्त्या. पीठ आणि लोणी अगदी शेवटी, कारण पिठात किडे होतात आणि लोणी खवट होतं. हे सगळं माझ्या पोटात जमत जाई. मला फार बरं वाटे. वर्षातले आठ महिने मी नुसती अलमारी असायची, आणि चार महिने मी नाताळ असायची.

शेजारीण चेष्टा करी, "नंबरताई, अजून घरात पंखे फिरतायत आणि तुमचा नाताळ आलासुद्धा?"

"तहान लागल्यावर विहीर खणू का?" आई उलट विचारी.

आता बाबांबद्दल सांगते. गल्लीच्या टोकाला त्यांचं कुलपं-किल्ल्यांचं छोटं दुकान होतं. माणूस सज्जन, पण बेदाण्यांच्या बाबतीत भरवशाचा नाही. पहिल्या वर्षी आईने मला कुलूप लावलं. बाबांनी ते केसातल्या पिनेने उघडलं. दुसऱ्या वर्षी तिने मोठं, जड कुलूप आणलं. ते तर चहाला उकळी यायच्या आत उघडलं. तिसऱ्या वर्षी आईने कुलूप लावलं आणि किल्ली सरळ त्यांच्याच हातात ठेवली.

शेजारीण कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!"

"असू देत. ज्याला कुलूप अडवत नाही, त्याला किल्ली तरी अडवेल," आई म्हणाली. "आणि काही गेलंच, तर चोर शोधायला लांब जायला नको."

तेव्हापासून घरचा नियमच झाला. आईने सामान आणायचं, टेबलावर ठेवायचं आणि बाबांनी ते माझ्यात लावायचं. नाताळच्या आधीच्या रविवारी सगळ्यांसमोर आईने मला उघडायचं. तोपर्यंत तिने आत बघायचं नाही.

किल्लीने बाबांना बरंचसं अडवलं. पूर्ण नाही. बेदाण्याच्या प्रत्येक पुडीतून ते एकच मूठ काढत आणि पुडी पुन्हा दोऱ्याने अशी बांधत की वाण्यालाही फरक कळू नये. पण माझी बिजागरी कुरकुरली की आई बाहेरून ओरडे, "एकच मूठ हं!" रविवारी मला उघडून ती पुडी तळहातावर तोलायची आणि म्हणायची, "हलकी आहे." सगळे हसत. पुढे ती दोनऐवजी तीन पुड्या आणू लागली. तिसरीला घरात नावच पडलं, चोराचा वाटा. बाबा गल्लीभरच्या बिजागऱ्यांना तेल घालत, पण माझ्या बिजागरीला हात लावायचा नाही अशी आईची ताकीद होती. "ती माझी पहारेकरीण आहे," ती म्हणे. मित्रांनो, कुरकुरण्याबद्दल शाबासकी मिळालेली दुसरी वस्तू तुम्ही पाहिली आहे का?

वर्षं गेली. एक्स्चेंजमध्ये यंत्रं आली, आई निवृत्त झाली. त्यांची मुलगी शिक्षिका झाली आणि दुसऱ्या भागात राहायला गेली. ती रविवारी येत असे. आईची शनिवारची खरेदी मात्र चालूच राहिली.

मग ते वर्ष आलं. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी आईने बेदाण्याच्या तीन पुड्या आणल्या. टेबलावर ठेवून म्हणाली, "चला, बेदाणे झाले. पुढच्या शनिवारी अंजिरं."

पुढच्या शनिवारी तिने बेदाणे आणले. पिशवी ठेवून समाधानाने म्हणाली, "चला, बेदाणे झाले."

बाबांनी ते माझ्यात लावले. तिसऱ्या शनिवारीही बेदाणे आले. बाबा माझ्यासमोर नऊ पुड्या बघत बराच वेळ उभे राहिले. त्याच आठवड्यात आईने मुलीला फोन करायला रिसीव्हर उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, "अहो, तिचा नंबर काय हो?" बाबांनी तो सांगितला. वर न बघता, जणू ती रोजच विचारते अशा आवाजात.

मी लाकडाची आहे. मला बोलता येत नाही. पण मला एकच भीती वाटू लागली. नाताळच्या आधीच्या रविवारी मुलगी येईल, मामा त्याच्या कुटुंबाला घेऊन येईल, आणि सगळ्यांसमोर आई स्वतःच्या हाताने मला उघडेल. आत नुसते बेदाणेच निघाले तर? जिने कधी यादी केली नाही, तिचं तोंड तेव्हा कसं होईल?

बाबांनाही तीच भीती असावी. दुसऱ्या दिवशी दुपारी आई झोपली असताना ते तेलाची कुपी घेऊन आले आणि माझ्या बिजागरीत दोन थेंब सोडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं दार मुकाट्याने उघडलं. मग कानामागची पेन्सिल काढून त्यांनी माझ्या डाव्या दाराच्या आतल्या बाजूला, जी बाजू आतून कडी लावून नेहमी बंद असते, तिथे आठवून आठवून यादी लिहिली. बेदाण्यांसमोर बरोबरची खूण केली आणि जास्तीच्या सहा पुड्या हत्यारांच्या पिशवीत भरल्या.

दुकानात काय झालं ते त्यांनी मलाच सांगितलं. सामान लावताना ते माझ्याशी पुटपुटत असत. वाणी म्हणाला होता, "विकलेला माल परत घेत नाही. पाटी वाचता येत नाही का?" बाबा म्हणाले, "मला येते. आमच्या नंबरताईचं मात्र हल्ली सगळं निसटतंय." वाण्याने पुड्या उचलून आत ठेवल्या आणि अंजिरं बांधून दिली. मग म्हणाला, "असं करतो, पुढच्या वेळी तिला बेदाणे देतच नाही." बाबा म्हणाले, "नको, नको. द्या तिला. रिकाम्या हाताने परत आली तर तिला कळेल."

असे ते शनिवार-सोमवार चालले. शनिवारी आई बेदाणे आणी. कधी साखर, एकदा मेणबत्त्या, पण बहुतेक वेळा बेदाणेच. सोमवारी दुपारी ते अक्रोड होत, रसाच्या बाटल्या होत, कॉफी होत. यादीवर एकेक खूण वाढत होती.

नोव्हेंबरात मुलगी एकदा सोमवारीच आली. शाळेला सुट्टी होती. बाबा माझ्यासमोर पिशवी उघडून पुड्या भरत होते. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा! अख्ख्या पुड्या? अहो, पूर्वी एक मूठ असायची, आता घाऊक व्यापार?"

"वय झालं," बाबा म्हणाले, "भूक वाढली."

तिने ते हसत हसत आईला सांगितलं. आई म्हणाली, "चोर तो चोरच." बाबांनी मान खाली घातली आणि पिशवीचं तोंड बंद केलं. एक शब्द बोलले असते तर सुटले असते.

तो रविवार आला. स्वयंपाकघरात सगळे जमले. मामाचे केस पांढरे झाले होते, तरी तो माझ्या पायाकडे बघून म्हणाला, "जमीन अजून सरळ नाही केलीत?" बाबांनी किल्ली दिली. आईने ती फिरवली आणि दार ओढलं.

मी आवाज केला नाही. आई क्षणभर थांबली.

आत सगळं होतं. अंजिरं, साली, अक्रोड, बाटल्या ओळीने, वर कॉफी, कोपऱ्यात मेणबत्त्या, खाली पीठ. मामा म्हणाला, "ताई, तुझं डोकं म्हणजे अजून डिरेक्टरी आहे!" मुलगी कौतुकाने बघत होती. आईने हसत बेदाण्याची पुडी उचलली आणि सवयीने तळहातावर तोलली. मग दुसरी. मग तिसरी. तिचं हसू हळूहळू थांबलं. तिन्ही पुड्या भरलेल्या होत्या.

तिने बोटाने बिजागरी चाचपली. बोटाला तेल लागलं. मग आत हात घालून तिने डाव्या दाराची कडी काढली, दार थोडंसं उघडलं, वाचलं आणि पुन्हा बंद केलं.

"बेदाणे भिजत घाल गं," ती मुलीला म्हणाली.

सगळे बाहेर चहाला गेले तेव्हा ती दोघं माझ्यासमोर राहिली.

"अहो, यंदा चोराने वाटा नाही घेतला?"

बाबा गडबडले. इतके आठवडे शेकडो बेदाणे त्यांच्या हातांतून गेले होते, आणि एक मूठ काढायची मात्र राहून गेली होती. शेवटी ते म्हणाले, "विसरलो."

आईने त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही पण?"

आणि ती हसायला लागली. बाबाही हसले, आणि मग दोघांचेही डोळे भरून आले. आईने पुडी सोडून मूठभर बेदाणे त्यांच्या हातावर ठेवले. मग कुलपातली किल्ली काढून तिने स्वतःच्या मुठीत धरली. "आता ही माझ्याकडे राहू दे. आपल्या घरात किल्ली चोराकडे असते ना? माझ्याच डोक्यातलं रोज मूठ-मूठ जातंय. आता चोर मी."

"आणि यादी?"

"ती तुम्ही करा. विसराळू माणसांना यादी लागते, मीच म्हणायचे ना?"

पुढच्या सप्टेंबरात ती दोघं मिळून बाजाराला गेली. बाबा वाचत, आई खूण करी. चार नाताळ असे झाले. शेवटच्या वर्षी तिला घरातल्यांची नावंही सापडत नव्हती, पण मनगटाला दोऱ्याने बांधलेली किल्ली तिने कुणाला सोडू दिली नाही. बाबांनी माझ्या बिजागरीला पुन्हा कधी तेल घातलं नाही.

ती दोघं गेल्यावर माझे दिवस फिरले. मला मुलीच्या घरी, मागच्या व्हरांड्यात ठेवलं. माझ्यात रंगाचे डबे, तुटकी छत्री, जुने बूट आले. ऊन-पावसाने माझी पाठ फुगली. किती नाताळ आले नि गेले, मला कळलं नाही.

मग एके दिवशी मुलगी रंगाऱ्याला घेऊन आली. तिने माझं पोट रिकामं केलं, डाव्या दाराची कडी काढली आणि पहिल्यांदाच ती यादी वाचली. हस्ताक्षर बाबांचं होतं. सगळ्यात वर ते वर्ष लिहिलं होतं, आणि बेदाण्यांसमोर एक खूण करून पुढे बारीक अक्षरात होतं, "जास्तीचे परत." ती खाली बसली. "आणि मी त्यांना घाऊक व्यापारी म्हणाले," एवढंच ती म्हणाली.

रंगाऱ्याने विचारलं, "बाई, आतूनही एक हात मारू का?"

"बाहेरून मारा. आतून नको."

"आत कोण बघतंय?"

"मी बघते."

आता मी तिच्या स्वयंपाकघरात उभी आहे. माझ्या पायाखाली नवा पुठ्ठा आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूला रंग द्या, कोरडी ठेवा, एवढं तर मी मागेनच. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. तुमच्या घरात कुणी एकच वस्तू पुन्हा पुन्हा आणली, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, तर ती चारचौघांत मोजून दाखवू नका. जास्तीची गुपचूप परत करून या. आणि कुणी पिशवी भरताना सापडलं, तर चोर म्हणण्याआधी पिशवी कुठे जाते तेही बघा.

परवा सप्टेंबरचा पहिला शनिवार होता. मुलीने बेदाण्याच्या तीन पुड्या आणून माझ्यात लावल्या. थोड्या वेळाने ती परत आली, इकडेतिकडे बघितलं आणि दार ओढलं. मी मोठ्याने कुरकुरले. ती दचकली, मग स्वतःशीच म्हणाली, "एकच मूठ हं."

तिसरी पुडी आता हलकी आहे.