खांबांच्या पलीकडे

पद्माताईंनी दुधाखालचा गॅस बंद केला आणि कान दिला. शेगडीचा फुसफुसाट थांबला की बाहेरचं नीट ऐकू येईल, अशी त्यांची समजूत होती. पण बाहेर ऐकण्यासारखं काही नव्हतंच. तासाभरापूर्वीपर्यंत स्किडूची घरघर टेकडीमागून कधी जवळून, कधी लांबून येत होती. मग ती लांबच लांब गेली, आणि आता तीही नाही. घड्याळात पावणेचार झाले होते.

स्किडू म्हणजे बर्फावरची मोटरसायकल. पुढे चाकांच्या जागी दोन पट्ट्या, मागे फिरता रबरी पट्टा, आणि आवाज पिठाच्या गिरणीइतका. परवा गाडी खाली फाटकापाशी ठेवून सगळ्यांना सामानासकट या केबिनपर्यंत तिनेच आणलं होतं. पाचवारी साडीवर सुनेचा जाडजूड पार्का चढवून, डोक्याला हेल्मेट घालून पद्माताई मुलाच्या मागे बसल्या, आणि वर पोचेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ट्रंक कॉल जोडून रिटायर झालेल्या बाईला हे सुख परवडण्यासारखं नव्हतं. पण विवेक हौसेने घेऊन आला होता. इथला बर्फ ऑगस्टातला, पण बुकिंग फेब्रुवारीतच केलेलं, तेव्हा आईचा व्हिसाही आला नव्हता.

केबिनची मालकीण बेरिल. साठी उलटलेली, उन्हाने रापलेली, नवरा गेल्यावर गुरं विकून बर्फाच्या दिवसांत पाहुणे ठेवणारी. तिचं घर खाली दोन किलोमीटरवर. परवा तिने दारातच सगळ्यांना उभं करून नियम ऐकवले होते. एकट्याने जायचं नाही. नारिंगी खांबांची ओळ सोडायची नाही. तळं कितीही टणक दिसलं तरी त्यावर चढायचं नाही. पडलो तर इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधलेली हवी. चारच्या आत परत. मशीन बंद पडलं तर ते सोडून चालत सुटायचं नाही. आणि निघण्याआधी दाराजवळच्या वहीत नाव, दिशा आणि परतीची वेळ लिहायची.

"वहीत नसेल तर कुठल्या डोंगरावर शोधू मी तुम्हाला?" ती म्हणाली होती.

विवेकने मान डोलावत सगळं ऐकलं, वर दोन शंकाही विचारल्या. नियम म्हटले की त्याला लहानपणापासून बरं वाटायचं.

पद्माताई दाराजवळ गेल्या आणि वही उघडली. कालच्या तारखेखाली विवेक आणि इरावती अशी दोन नावं, खांबांच्या ओळीने तिसऱ्या वळणापर्यंत, परत अडीच. आजची तारीख घातली होती. त्याखाली काही नव्हतं.

त्या माडीच्या शिडीशी आल्या. आठवडाभर लॅबमध्ये रात्रपाळ्या करून आलेली सून वर झोपली होती. तिला उठवायचं त्यांच्या जिवावर आलं, पण उठवलं.

"इरा, विवेक अजून आला नाही."

इरावती शिडी उतरून आली. तिने खिडकी पाहिली, घड्याळ पाहिलं, मग वही.

"एकटा गेला? कधी?"

"दोनला. तू झोपली होतीस."

"कुठे जातो म्हणाला?"

"सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

एक्स्चेंजमध्ये पद्माताईंनी जन्मभर सगळ्या जिल्ह्याला कुठे, कुठे म्हणून विचारलं, पण घरात उंबऱ्यावरच्या माणसाला हा प्रश्न त्यांनी कधी केला नव्हता. निघालेल्याला कुठे म्हणून विचारलं की त्याचं काम अडतं, हे त्यांच्या सासूबाईंचं म्हणणं, आणि सासूबाईंची बाकी सगळी म्हणणी सोडून दिली तरी हे एक त्यांच्या अंगात मुरलं होतं.

"निघताना विचारत नाहीत गं," त्या म्हणाल्या. "सावकाश ये, म्हटलं मी."

"आई, हे काय नाशिक आहे का?" इरावतीचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. बेरिलला बोलवायला ती भिंतीवरच्या वायरलेस रेडिओकडे वळली.

खरं तर एवढंच नव्हतं. बूट चढवून झाल्यावर विवेक दारात बराच वेळ उभा होता. वहीची पेन्सिल त्याने उचलली, आजची तारीख घातली, आणि पेन्सिल परत खाली ठेवली. हातमोजे घातले, काढले, पुन्हा घातले. आईकडे पाठ होती, पण जात नव्हता. पद्माताई डाळ निवडत होत्या. त्यांना कळत होतं की हा थांबलाय. आता एक शब्द बोललं तर हा वळेल, आणि वळला तर काय सांगेल, याची त्यांना भीती वाटली. म्हणून त्यांनी सावकाश ये म्हटलं. सासूबाईंचं नाव त्यांनी आत्ता पुढे केलं होतं, एवढंच. स्वतःचा असा राग त्यांना पूर्वी कधी आला नव्हता.

दहा मिनिटांत बेरिल तिच्या मशीनवरून आली. बूट न काढता आत शिरली, वही पाहिली, आणि ओरडायचं सोडून खुर्ची ओढून बसली. बाहेर बारीक बर्फ पडायला लागलं होतं.

"दीड तास उजेड आहे," ती म्हणाली. "शेजारच्या माणसाला रेडिओवर सांगितलंय, तो खालून खांबांच्या बाजूने बघत येतोय. मी कुठे जायचं ते तुम्ही सांगा."

"आम्हाला माहीत नाही," इरावती म्हणाली. "तो सहसा नियम मोडत नाही."

"म्हणूनच विचारतेय मी, पोरी. हे बघा, काहींचं मशीन बंद पडतं. ते ओळीजवळच सापडतात, थंडीने गारठलेले, स्वतःवर चिडलेले. आणि काही जण मशीन बंद करतात. ते वर जातात, खांब संपतात त्याच्याही पलीकडे, कड्यापाशी. दोन्हीकडे जायला मला वेळ नाही. त्याच्या मनावर काही आहे का? वाईट वाटून घेऊ नका, हे मला विचारावंच लागतं."

इरावतीने पार्काची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि पुन्हा खाली आणली.

पद्माताईंना इंग्रजी येत होतं. ट्रंक कॉलचं इंग्रजी, छोटं आणि स्वच्छ. त्या उभ्या राहिल्या. सुनेकडे बघणं त्यांनी टाळलं.

"माय सन हॅज नो जॉब," त्या म्हणाल्या. "मेनी वीक्स. एव्हरी मॉर्निंग ही गोज विथ टाय अँड टिफिन. आय हॅव सीन हिम. ही डझ नॉट नो आय नो."

बोलून झाल्यावर त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

बेरिल मान हलवून उठली. वहीत तिने आपलं नाव लिहिलं, त्यापुढे वरचा कडा, त्यापुढे सव्वापाच. मग हेल्मेटचा पट्टा आवळत बाहेर पडली. तिच्या मशीनची घरघर चढणीला लागली आणि हळूहळू विरली.

पद्माताईंना वाटलं होतं, आता सून फुटेल. किंचाळेल, रडेल, तुम्ही माझ्यापासून लपवलंत म्हणेल. इरावतीने खोली गरम ठेवणाऱ्या चुलाण्यात एक ओंडका सारला, आणि हात झटकत तिथेच जमिनीवर बसली.

"तुम्ही कुठे पाहिलंत?" तिने विचारलं.

"ब्लॅकटाउनला. शेजारच्या शैलाबरोबर चष्म्याला गेले होते ना, जुलैत. दुकानांसमोरच्या बाकावर बसला होता. अकरा वाजता डबा उघडून गवार खात होता. मीच दिलेली." त्यांनी पदर सारखा केला. "शैलाला मी पडद्यांचं दुकान दाखवत दुसरीकडे नेलं. संध्याकाळी आला आणि म्हणाला, मीटिंग लांबली."

"मला मे महिन्यात कळलं," इरावती म्हणाली. "घराची किल्ली विसरला म्हणून ऑफिसला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, ही हॅजन्ट बीन हिअर सिन्स एप्रिल. मी सॉरी म्हणून ठेवून दिला."

"आणि बोलली नाहीस?"

"आपणहून सांगेल असं वाटलं. मग तुम्ही आलात. तुम्ही आल्यापासून तो रोज शर्टाला इस्त्री करतो, आई. त्याआधी करत नव्हता."

हे पद्माताईंना लागलं, आणि ते खरंही होतं. क्वेकर्स हिलमधल्या विवेकच्या घरात गेले दोन महिने रोज सकाळी साडेसातला एक बाई डबा भरत होती, दुसरी बाई त्याचा टाय सरळ करत होती, आणि तो हसून बाय म्हणत होता. तिघांनी मिळून हे ऑफिस चालवलं होतं. पद्माताई उठल्या आणि चुलाण्याजवळ सुनेशेजारी येऊन बसल्या. साठीनंतर जमिनीवर बसायचं म्हणजे एक कामच असतं, इरावतीने हात पुढे केला.

पाच वाजले. खिडकीतला पांढरा रंग निळा होत चालला. इरावती दोनदा उठून दार उघडून आली, दोन्ही वेळा पायरीवरचं बर्फ झाडूने लोटून आली, जणू तेवढ्यासाठीच गेली होती. पद्माताईंनी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, पण नाव घेता घेता मध्येच त्यांना गवार आठवत होती.

पाच वाजून दहा मिनिटांनी आवाज आला. पद्माताईंचे कान ते, तीस वर्षं तारांमधली खरखर वेगळी काढत आलेले. त्यांनी सुनेचं मनगट पकडलं.

"दोन आहेत," त्या म्हणाल्या. "दोन मशिनी आहेत."

आधी बेरिल आत आली, तिच्यामागून विवेक. भुवयांवर बर्फ, ओठ काळेनिळे. इरावतीने त्याला चुलाण्यापुढे बसवलं, हातमोजे ओढून काढले, बोटं एकेक करून तपासली. बेरिलने रेडिओवरून शेजाऱ्याला खाली जायला सांगितलं आणि मग वहीत आपल्या नावापुढे खूण केली.

"मशीन बंद पडलं होतं," विवेक कुणाकडेही न बघता म्हणाला. "म्हणून उशीर झाला."

बाहेर दोन्ही मशिनी शेजारी शेजारी उभ्या होत्या. त्याची तो स्वतः चालवत आला होता. बेरिलने त्याच्याकडे एकवार पाहिलं. उद्या सकाळी येते म्हणाली आणि पद्माताईंच्या खांद्यावर हात ठेवून गेली.

दूध पुन्हा तापवलं. विवेकने दोन्ही हातांनी कप धरला. कपाला खालून इरावतीनेही हात लावला.

"सॉरी, आई," तो म्हणाला. "घाबरलात ना दोघी? वरपर्यंत गेलो होतो. तिथून खूप लांबवर दिसतं. पलीकडच्या बाजूला एक दरी आहे, आणि..."

"आजचं नाही विचारत मी," पद्माताई म्हणाल्या. त्या त्याच्यासमोर जमिनीवरच बसल्या होत्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. "सोमवारी कुठे होतास?"

विवेकने इरावतीकडे पाहिलं. तिने कपाखालचा हात काढला नाही.

"सोमवारी," तो म्हणाला, "पेन्रिथच्या लायब्ररीत. मंगळवारी ती उशिरा उघडते, म्हणून मंगळवारी नदीवर."

"आणि बुधवारी?" इरावतीने विचारलं.