आता दुसरीला बोलवा

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. माझी पाठ दोन ठिकाणी मोडली आहे आणि सव्विसाव्या पानावर माशाच्या तेलाचा डाग आहे. मुखपृष्ठ कुणी फाडले तेही मला ठाऊक आहे, पण आता ते उगाळण्यात अर्थ नाही. माझ्या पानांत एक शिंपीण स्वतःची गोष्ट सांगते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ती 'मी' असेच बोलते. तो 'मी' तिचा आणि आत्ता बोलते आहे ती मी वेगळी. आमची गल्लत करू नका. लोकांनी ती पुष्कळदा केली आहे.

माझा जन्म आफ्रिकेतल्या अक्रा शहरात, एका लहानशा छापखान्यात झाला. तिथून एका मास्तरांनी मला समुद्रकाठच्या सॉल्टपाँड गावी आणले. त्यांची बदली झाली तेव्हा पेटी जड झाली आणि मी बाहेर राहिले. जाताना त्यांनी मला एसाबाच्या हाती दिले, कारण गावात तिच्याइतके स्वच्छ कुणी वाचत नसे.

एसाबा मला नाना ओतुवाच्या अंगणात घेऊन गेली. तिकडे आजीलाही नानाच म्हणतात. नानाचा केंकीचा धंदा होता. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे करायचे, केळीच्या वाळक्या पानांत बांधायचे आणि मोठ्या हंड्यात उकडायचे. दहाबारा बायका दुपारभर बसून बांधत. हात गुंतलेले, कान रिकामे. म्हणून नानाने ठरवले, की एसाबाने बांधायचे नाही, वाचायचे. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस होते. दोन दुपारी एसाबा तापाने आली नाही, तर केंकी निम्मीच बांधून झाली. एवढे कौतुक माझ्या लेखकाच्याही वाट्याला आले नसेल.

माझी गोष्ट साधी आहे. शिंपिणीची धाकटी बहीण पहाटे बापाचे शिलाई मशीन घेऊन पळून जाते, आणि बाप त्या दुःखाने मरतो. धाकटीला माझ्यात नावसुद्धा नाही. शिंपीण मात्र दुःखाचा कण न् कण सांगते. लेखकाने 'ती' असे लिहिले असते, तर बायका समोर बसून तिच्याकडे पाहत राहिल्या असत्या. त्याने 'मी' लिहिले, म्हणून त्या तिच्या आत शिरून तिच्या डोळ्यांनी बाहेर पाहू लागल्या. आणि जिच्या डोळ्यांनी आपण पाहतो, तिचा चेहरा आपल्याला दिसत नाही.

त्यातून वाचणारी एसाबा. हळूहळू बायकांना शिंपीण आणि एसाबा एकच वाटू लागल्या. बाजारात कोळणी तिला मासळी जास्त घालत. "खा गं, फार सोसलंस," म्हणत. वाईट काही वाचायचे असले, की एसाबा आधी 'सेबे' म्हणे. तिकडची ती रीतच आहे. सेबे म्हणजे माफ करा, हे बोल मला न लागोत. "सेबे, मी बापाला मरताना पाहिलं," असे ती वाचे, आणि बायका डोळे पुसत.

माझी वाक्ये तिच्या तोंडी चपखल बसत, याला कारण होते. तिचीही अशीच एक गोष्ट होती आणि नऊ वर्षे ती गावाला तीच सांगत होती. "मी ताकोराडीहून आले, तर दाराला बाहेरून कडी. आत माझी आई एकटी मरून पडलेली." ती कडी घातली होती तिच्या धाकट्या बहिणीने, मान्साने. मान्सा त्याच अंगणात चुलीपाशी, बहिणीकडे पाठ करून, पीठ ढवळायची. दोघी बोलत नसत. महिनाअखेर आईच्या थडग्यावर दगड बसवायचा होता. त्या दिवशी नेसायला सगळ्या घरच्यांना एकसारखे कापड वाटले गेले होते. मान्साला ना कापड, ना बोलावणे. आईच्या दगडापाशीही उभे राहता येणार नाही, याचे तिला किती लागले होते, ते तिच्या पाठीवरून मलाही कळत होते.

एका दुपारी मशीन चोरीचे प्रकरण संपले आणि अराबा नावाची तोंडाळ बाई म्हणाली, "असल्या बहिणीपेक्षा पाठीत फोड बरा! निदान फुटून जातो."

हशा झाला. नाना ओतुवा हसली नाही. गावच्या भांडणतंट्यांत न्यायाला बसणारी म्हातारी ती.

"हिचं ऐकलं," ती म्हणाली. "आता दुसरीला बोलवा."

"नाना, दुसरी पुस्तकात आहे!"

"मग? तिला तोंड नाही? एक बाजू ऐकून मी कधी कोंबडीचासुद्धा निवाडा केलेला नाही. कुणीतरी तिच्या वतीनं उभं राहा. आणि 'ती, ती' करायचं नाही. तिच्या जागी उभं राहायचं तर 'मी' म्हणायचं."

"नाना, तुम्हाला ऊन लागलं की काय?" अराबा म्हणाली.

चुलीपाशी मान्सा उठली. कोपरापर्यंत पीठ लागलेले.

"मी बोलते," ती म्हणाली.

एसाबाने मला घट्ट धरले.

"मशीन मी नेलं," मान्सा म्हणाली. "बापानंच दिलं. म्हणाला, थोरलीला सांगू नको, तिनं गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

"अगं बाई!" अराबाने मांडीवर थाप मारली. "असं आहे होय! हे नाही सांगितलं शिंपिणीनं!"

बायकांना मजा वाटू लागली. मान्सा थांबली नाही.

"कडी मी लावली."

माझ्या एकशे अठ्ठ्याण्णव पानांत कुठेही कडी नाही. आणि ती सेबे म्हणाली नव्हती, म्हणजे हे बोल तिचे स्वतःचेच होते. अंगणातल्या प्रत्येकीला ते कळले. हात थांबले.

"आईला भ्रम झालेला. उठून समुद्राकडे चालू लागायची. दोनदा लाटेतून ओढून आणली मी तिला. त्या दिवशी कडी लावली नि लॉरीतळावर पळाले. ताकोराडीच्या ड्रायव्हरला सांगायला, की माझ्या बहिणीला म्हणावं, ये. तीनदा सांगून झालं होतं. हे चौथ्यांदा. तू नेमकी त्याच दिवशी, तळावर न येता हमरस्त्यावर उतरून घरी आलीस, आणि मी तळावर तुझीच वाट बघत बसले. परत आले, तर तू दारात उभी नि सगळं गाव तुझ्या भोवती. तेव्हापासून तू बोलतेस. मला कुणी विचारलंच नाही."

नानाने मान वळवली. "एसाबा, निरोप आले होते?"

एसाबाने खाली माझ्याकडे पाहिले. एकशे चाळिसावे पान उघडे होते. तिचा अंगठा ओळींवरून फिरत राहिला. तिला द्यायला माझ्याकडे एकही वाक्य नव्हते, आणि याची मला पहिल्यांदाच लाज वाटली.

"आले होते," ती म्हणाली. "तिन्ही आले. मी आले नाही."

हंडा उतू गेला, तरी कुणी उठले नाही. मग अराबा पदराने डोळे पुसत मान्साकडे गेली, तिच्या मागून बाकीच्याही गेल्या. महिनाअखेर दगड बसला तेव्हा मान्सा घरच्यांच्या रांगेत, त्याच कापडात उभी होती. बहिणींची गळाभेट वगैरे झाली नाही. ती पुस्तकांत होते.

मला पुन्हा कुणी उघडले नाही. अठ्ठावन्न पाने वाचायची राहिली. नानाच्या फळीवर मला वाळवी लागली, मग शाळेच्या कपाटात ओल लागली. थोडे वाईट वाटते. पण त्या पानांत शिंपीण शेवटपर्यंत तेच सांगते, हे मला ठाऊक आहे. तिला मध्येच थांबवून विचारणारी नाना माझ्यात छापलेलीच नाही.

म्हणून, मित्रांनो, आम्हा पुस्तकांना ओलीपासून जपा, पाने दुमडू नका. आणि आमच्यातला 'मी' बोलू लागला, की त्याचे मन लावून ऐका. त्याच्यासाठी खुशाल रडा. पण मिटण्याआधी एकदा पाहा, की या गोष्टीत कुणाला बोलूच दिलेले नाही.

आता हेच बघा. ही सगळी हकीकत तुम्ही माझ्याच तोंडून ऐकलीत, आणि मान्सासाठी तुम्हाला वाईटही वाटले असेल. पण तीन निरोप येऊनही एसाबा का गेली नाही, ताकोराडीत तिच्यावर तेव्हा काय गुदरले होते, ते मला माहीत नाही. त्या दुपारी सगळ्या बायका उठून मान्साकडे गेल्या. एसाबा मला मांडीवर घेऊन बसून राहिली. तिला कुणी विचारलेच नाही.