धाकट्या सुनेचे दात

"हे माझे दात नाहीत," आरशातून नजर न काढता बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्यांची समजूत घातली. पहिल्यांदा सगळ्यांनाच परकं वाटतं, शिवाय दात अजून मेणावरच लावलेत, हवे तसे हलवता येतील, असं सांगून त्यांनी मागच्या खोलीकडे मान वळवली आणि मास्तरांना हाक मारली.

मास्तर म्हणजे कवळीमास्तर. पस्तीस वर्षं ते या दवाखान्याच्या मागच्या चिंचोळ्या खोलीत बसून कवळ्या बनवत होते. पेशंटशी त्यांचा संबंध प्लॅस्टरच्या साच्यापुरता. साच्यामागचं माणूस क्वचितच दिसायचं. या बाईंच्या चिठ्ठीवरही 'वय बासष्ट, वरची पूर्ण कवळी, शनिवारी हवी' एवढंच होतं. मास्तर हात पुसत बाहेर आले. बाई पुन्हा बोलल्या, तेव्हा हातातलं फडकं तसंच राहिलं.

हा आवाज त्यांनी अंधारातही ओळखला असता.

मास्तरांना जुन्या सिनेमांचं आणि जुन्या मालिकांचं वेड होतं. नुसतं पाहून त्यांचं भागत नसे, प्रत्येकाबद्दल त्यांचं मत असे आणि ते ठाम असे. सिनेमा रंगीत झाला आणि दिग्दर्शक आळसावले, हे त्यांचं एक मत. जिथे वाद्यं गप्प बसतात तिथेच नटाची लायकी कळते, हे दुसरं. "तुम्ही बघत नाही हो, पेपर तपासता," असं बायको म्हणायची. आणि सगळ्या मालिकांत त्यांच्या लेखी एकच खरी होती. छत्तीस वर्षांपूर्वीची, एका घरातल्या तीन जावांची. तिचे सगळे भाग आता मोबाईलवर मिळत. रविवारी दुपारी ते एखादा लावून बसत. त्यातली धाकटी सून आता समोरच्या खुर्चीत तोंडात मेण घेऊन बसली होती.

रविवारी कार्यक्रम आहे, बाई सांगत होत्या. जुन्या मालिकेचे तीन भाग पडद्यावर दाखवणार आहेत आणि नंतर त्यांना बोलायचंय. माणसं त्यांना ओळखायला आलेली असतील आणि या दातांनी त्या कुणी भलत्याच दिसतील. त्यांनी पर्समधून एक फोटो काढला. त्यात पुढचे दोन दात जरासे बाहेर होते, डावा उजव्यावर किंचित चढलेला.

बाहेर कुणाच्या तरी हिरडीतून रक्त थांबत नव्हतं, म्हणून डॉक्टरीणबाई तिकडे गेल्या. मास्तरांना गप्प बसवेना. कोणते तीन भाग दाखवणार, त्यांनी विचारलं.

तिसरा, अकरावा आणि चौदावा, बाई म्हणाल्या.

मग मास्तरांच्या जिभेला लगाम राहिला नाही. तिसऱ्या भागात स्वयंपाकघरात तिघी चार मिनिटं एक अक्षर बोलत नाहीत, तसा प्रसंग पुन्हा कुणाला जमला नाही. अकरावा उगाच लांबवलाय, कोर्टाचा भाग अर्धा कापायला हवा होता. पण चौदावा म्हणजे कळस. धाकटी घर सोडून भावाकडे निघते, दारात उभी राहते आणि कॅमेरा शेवटपर्यंत तिचा चेहरा दाखवत नाही. नुसती पाठ. केवढं धाडस ते दिग्दर्शकाचं. एवढ्या वर्षांत आपण एवढं मोठं काही पाहिलं नाही, असं मास्तर अगदी मनापासून म्हणाले.

बाईंनी मेणाची कवळी काढून ट्रेमध्ये ठेवली. ओठ आत गेले आणि चेहरा एकदम म्हातारा झाला. पण शब्द स्वच्छ होते.

"धाडस कसलं? माझा चेहरा दाखवायचा नाही असं ठरलं होतं."

नवव्या भागात त्या खूप रडल्या होत्या. त्यानंतर एका साप्ताहिकाच्या वाचकांच्या पानावर एक पत्र छापून आलं. खाली नाव नव्हतं, नुसतं 'एक प्रेक्षक'. ते पत्र निर्मात्याने सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि सेटवरची माणसं पोट धरून हसली. पुढच्या भागांत त्यांना कडेला उभं केलं, मग पाठमोरं आणि चौदाव्या भागात परगावी धाडून दिलं. नंतर कुणी बोलावलं नाही. चार वर्षं वाट पाहून त्या एका शाळेत ग्रंथपाल झाल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या.

"अजून पाठ आहे मला," बाई म्हणाल्या. "'या बाई रडतात तेव्हा दुःख दिसत नाही, नुसते दात दिसतात.'"

ते वाक्य मास्तरांना पाठ करावं लागलं नव्हतं. ते त्यांचंच होतं. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते, आणि पत्र छापून आलं म्हणून त्यांनी साप्ताहिकाच्या पाच प्रती आणल्या होत्या. चौदाव्या भागानंतर दुसरं पत्रही धाडलं होतं, मालिका आता सुटसुटीत झाली म्हणून.

बाहेर डॉक्टरीणबाई पेशंटला बोळा दाबून धरायला सांगत होत्या. त्या कुठल्याही क्षणी आत येणार होत्या. गप्प राहिलं तर कुणाला कधी कळणार नव्हतं. मास्तरांनी फडक्याची घडी घातली, पुन्हा मोडली.

"ते पत्र मी लिहिलं होतं," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं मास्तरांना वाटलं, पण त्या रागावल्या नाहीत. मग ट्रेमधल्या मेणाकडे बोट केलं.

"आणि हे दात आत ओढलेत, तेही तुमचं मतच का?"

मास्तरांनी खरं ते सांगितलं. साचा कुणाचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते सगळ्यांचेच दात असे लावतात, सरळ आणि जरा आत. तेच चांगलं दिसतं असं त्यांना वाटतं.

बाई उठल्या, फोटो पर्समध्ये घातला आणि बाहेर जाऊन डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, जरा घाई आहे. शनिवारी येणार की नाही, ते बोलल्या नाहीत.

त्या संध्याकाळी मास्तर जेवले नाहीत. मोबाईलवर त्यांनी नववा भाग लावला. बायकोने काय झालं म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. ती जवळ येऊन बसली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "किती लहान आहे हो ही." ते मास्तरांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. पोरगीच होती, सव्वीसची. त्यांनी तो प्रसंग पुन्हा पुन्हा मागे नेला, पण आज ते फक्त दात पाहत होते. डावा किती पुढे, कुठल्या कोनात, ओठ मिटताना कुठे टेकतो. कागदावर मापं लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मेण तापवून सहाही पुढचे दात उपटले आणि नव्याने लावायला घेतले. हात सवयीने सरळ रेषेकडे जायचा. तीनदा लावलं, तीनदा काढलं. डावा दात उजव्यावर चढवताना आपण मुद्दाम काम बिघडवतोय असंच त्यांना वाटत होतं. डॉक्टरीणबाई डोकावून म्हणाल्या, पेशंटचा फोन नाही, उगाच मेहनत वाया जायची. मास्तर म्हणाले, जाऊ दे. शुक्रवारी कवळी पक्की करून घासून त्यांनी पाण्यात ठेवली.

शनिवारी अकराची वेळ होती. साडेअकरा झाले, बारा वाजले. मास्तरांनी हातात दुसऱ्या कुणाचा साचा घेतला, पण यंत्र चालू केलं नाही, दाराचा आवाज ऐकू यावा म्हणून. सव्वाबाराला बाई आल्या.

डॉक्टरीणबाईंनी कवळी बसवली. बाईंना आरसा दिला आणि मास्तरांना बोलावलं. बाई आरशात पाहत होत्या. एकदा ओठ मिटले, उघडले, मग डाव्या दातावरून जीभ फिरवली. मास्तर खुर्चीच्या मागे उभे होते, म्हणून आरशात दोघांचेही चेहरे दिसत होते.

"नववा भाग परत पाहिलात?" बाईंनी आरशातूनच विचारलं.

"पाहिला."

"मग?"

खोटं बोलणं सोपं होतं. एवढं एक वाक्य दिलं असतं तर उद्या त्या हलक्या मनाने मंचावर गेल्या असत्या.

"रडणं जास्तच झालंय," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी चमकून मास्तरांकडे पाहिलं. बाईंनी आरसा मांडीवर ठेवला.

"हो, झालंय," त्या म्हणाल्या. "पण आणखी चार भाग मिळाले असते ना, तर माझं मलाच कळलं असतं."

माफी मागावी असं मास्तरांच्या मनात आलं, पण ती कुठून सुरू करायची तेच कळेना. बाईंनीच मग कवळीची काळजी कशी घ्यायची ते विचारलं. आणि लिहून द्या, म्हणाल्या, हल्ली ध्यानात राहत नाही. अक्षर मोठं काढा, चष्मा घरी राहिलाय.

मास्तरांनी चिठ्ठीच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. बाईंनी कागद लांब धरला आणि सगळं बरोबर कळलंय ना, हे पाहायला मोठ्याने वाचू लागल्या. झोपताना काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी. सकाळी मऊ ब्रशने सावकाश घासावी. कोरडी पडू देऊ नये. सुरुवातीचे दिवस शब्द अडखळतील, घाबरू नये. बाहेर बाकावर थांबलेल्या माणसांनी वर्तमानपत्रं खाली केली. बाईंनी प्रत्येक वाक्य पुरं केलं, जिथे थांबायचं तिथे थांबल्या, आणि मास्तर भिंतीला टेकून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत राहिले.