पाण्याची कसोटी

भोपळ्याला काही दिवस वाटत होतं की आपण आयुष्यात एकाच गाडीवर खोटा आळ घेतला. नंतर वही काढून मोजल्या, तेव्हा त्या सात निघाल्या.

भोपळ्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी गोलमटोल होता म्हणून बाबांनी ठेवलेलं. आता पंचेचाळिशी उलटली, पोट सुटलं, पण नाव काही सुटलं नाही. तो एका वर्तमानपत्रात दर रविवारी गाड्यांवर लिहायचा आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा नवी गाडी स्वतः चालवून बघायचा. गाडी घ्यायच्या आधी लोक त्याचं सदर शोधून वाचत, आणि वाचत ते एका गोष्टीसाठी, पाण्याच्या ग्लासासाठी.

ही युक्ती बाबांची. बाबांनी एकतीस वर्षं शहराची बस चालवली होती. ते म्हणायचे, गाडी कशी आहे ते चालवणाऱ्याला काय विचारता, मागे बसलाय त्याला विचारा. म्हणून भोपळ्या प्रत्येक नव्या गाडीत बाबांना मागे बसवायचा, त्यांच्या हातात काठोकाठ भरलेला काचेचा ग्लास द्यायचा आणि अकरा किलोमीटरचा ठरलेला फेरा मारायचा. शाळेपुढचे तीन गतिरोधक, पुलाचा चढ, चार सिग्नल, मोठा चौक आणि परत घर. आल्यावर पट्टी लावून पाणी किती उतरलं ते मोजायचा. चांगली गाडी असली तर तीन-चार मिलिमीटर. आकडा आधी वहीत जायचा, मग सदरात, आणि सदरात ‘पाण्याची कसोटी’ असं झोकात छापून यायचं. ग्लास कोणी धरला ते मात्र कधी छापून आलं नाही. बाबांनीही कधी विचारलं नाही. कसोटीचा शनिवार उजाडला की इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून तयार बसायचे, एवढंच.

ती करडी गाडी दारात आली तेव्हा भोपळ्याने मनातल्या मनात जांभई दिली. चार दारं, मोठी डिकी, ऑटोमॅटिक गिअर, पोराबाळांना घेऊन बाजारहाट करायला काढलेली, नाकासमोर चालणारी गाडी. क्लच नाही म्हणून डावा पाय बेकार, आणि डावा हात त्याहून बेकार. तो कुठे ठेवावा हेच त्याला सुचेना. ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी आपली आपण सरकू लागे. चढावर जोरात दाबलं तर क्षणभर विचार करी आणि मग निघे. पण स्टिअरिंग हलकं होतं, सीट ऐसपैस होती, आणि गिअर कधी बदलला ते कळतसुद्धा नव्हतं. चौक ओलांडेपर्यंत त्याला ती चक्क आवडायला लागली होती. त्याने मनात मथळाही जुळवला, कौतुकाचा.

घरापाशी येऊन त्याने मागे वळून पाहिलं. ग्लास जवळजवळ अर्धा झाला होता आणि बाबांची मांडी भिजली होती.

“एवढं सांडलं?”

“गिअर बदलताना झटके देते,” बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. “तुला पुढे कळत नाही.”

त्याला एकही झटका लागला नव्हता. पण ग्लास समोर होता, पट्टीवर बेचाळीस मिलिमीटर दिसत होते, आणि गाड्यांच्या बाबतीत बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. रविवारी मथळा आला, ‘अर्धा ग्लास सांडला!’ खालच्या चार परिच्छेदांत त्याने गाडीची यथेच्छ सालटी काढली होती. लिहिताना मजाही आली, खोटं कशाला बोला.

सोमवारी त्या गाडीच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिकचा फोन आला. भांडण काढायला नव्हता.

“साहेब, तीस वर्षं गाड्यांखाली काढलीत मी. तो झटका मला एकदा दाखवा. असला तर तुमच्यासमोर गिअरबॉक्स उतरवतो.”

तीच गाडी, तोच फेरा. या वेळी ग्लास मेकॅनिकच्या हातात होता. परतल्यावर पट्टी लावली तर चार मिलिमीटर. भोपळ्याने पुन्हा ग्लास भरला आणि दुसरा फेरा मारला, मुद्दाम हिसके देत. तरी पाच.

आता हा आपल्याला फाडून खाणार, असं त्याला वाटलं. पण मेकॅनिकने विचारलं ते वेगळंच.

“त्या दिवशी ग्लास कोणी धरला होता, साहेब?”

“माझ्या वडिलांनी.”

“वय काय त्यांचं?”

“अठ्ठ्याहत्तर.”

मेकॅनिकने उरलेलं पाणी फाटकाजवळच्या झाडाला घातलं, ग्लास नीट पुसला आणि भोपळ्याला परत दिला. “माझ्या थोरल्या भावाच्या हातांचं असंच सुरू झालं,” तो म्हणाला. “गाडीचं राहू द्या. आधी त्यांना डॉक्टरकडे न्या.”

भोपळ्या तसाच गाडीत बसून राहिला. वर्षभरापूर्वी बायको म्हणाली होती, “बाबा हल्ली अर्धाच कप चहा मागतात.” त्यावर तो म्हणाला होता, साखर कमी करत असतील. घरी दाढी करणारे बाबा न्हाव्याकडे जायला लागले, तेव्हा म्हातारपणी चैन सुचली म्हणून याने टिंगल केली होती. पूर्वी गाडीत ते मागे डावीकडे बसायचे, जरा मान वळवली की दिसायचे. मग कधीतरी ते बरोबर त्याच्या पाठीमागे बसायला लागले. कुठल्या दाराचं रबर कुरकुरतं ते याला शंभर पावलांवरून ऐकू यायचं, आणि रोज ताटाला ताट लावून जेवणाऱ्या माणसाचे हात दिसले नव्हते. त्याला स्वतःची शरम वाटली.

घरी बाबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला होता. तसा तो नेहमीच असायचा, हे भोपळ्याला आज कळलं.

“मेकॅनिकने धरला तर चारच उतरलं, बाबा.”

“हुशार माणूस दिसतोय,” बाबा म्हणाले.

“मला सांगायचं नाही का?”

“सांगून काय? ग्लास धरता येत नाही त्या म्हाताऱ्याला तू गाडीतून कशाला नेशील?”

“म्हणजे काय! नेलं असतं की,” हे शब्द त्याच्या अगदी जिभेवर आले होते. पण बाबांना ग्लासाशिवाय, नुसतं हवा खायला म्हणून, आपण गाडीत कधी बसवलं ते त्याला आठवेना. कारण बसवलंच नव्हतं. एकदाही नाही.

“एक काम कर,” बाबा म्हणाले. “त्या गाडीचं खरं काय ते लिही. एकतीस वर्षांत माझी चूक मी कधी बसवर ढकलली नाही. आता म्हातारपणी ढकलली, ते मला झोपू देत नाही.”

रविवारी दुरुस्ती छापून आली. गाडी उत्तम आहे, गिअर मऊ आहे, ग्लास धरणाऱ्याचा हात थरथरत होता आणि लिहिणाऱ्याला तो दिसला नाही, असं त्याने सरळ लिहिलं. ग्लास धरणारे माझे वडील, हेही लिहिलं. बाबांचा उल्लेख सदरात पहिल्यांदा आला तो असा, चुकीच्या कबुलीत. बाबांनी तो मजकूर दोनदा वाचला आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

मेकॅनिकने करडी गाडी आणखी आठवडाभर ठेवून घ्यायला सांगितलं होतं. भोपळ्याने बाबांना पुढे शेजारी बसवलं आणि डॉक्टरकडे नेलं. वाटेत त्याचा डावा हात पुन्हा रिकामाच होता. बाबांचा हात वीतभर अंतरावर, मांडीखाली दाबलेला. एका सिग्नलला तो धरावा असं त्याच्या फार मनात आलं, पण सवय नव्हती. तेवढ्यात दिवा हिरवा झाला.

डॉक्टरीण बाईंनी बाबांना बोटं जुळवायला लावली, चालायला लावलं, कागदावर गोल काढायला लावले. मग विचारलं, “हे कधीपासून आहे?”

“हल्लीच,” बाबा म्हणाले. “दोनेक महिने.”

भोपळ्याने पिशवीतून वही काढली. “एकोणीस महिने,” तो म्हणाला आणि वाचू लागला. पांढरी गाडी, सात मिलिमीटर, शेरा, सस्पेन्शन कडक. निळी, अकरा, ब्रेक अंगावर येतात. लाल, सोळा. पुढची बावीस, पुढची एकोणतीस, पुढची पस्तीस. प्रत्येकीपुढे तारीख आणि त्या बिचारीचा गुन्हा. सातवी करडी, बेचाळीस.

बाई भराभर लिहून घेत होत्या. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, “पहिल्या दोन-तीन महिन्यांत आला असतात तर बरंच सोपं गेलं असतं. आता औषधं देऊ, बघू.” त्यांनी वहीकडे पाहिलं आणि त्यांचा स्वर मवाळ झाला. “पण इतकी बारीक नोंद कोणी आणत नाही हो. नशीबवान आहात काका. मुलाचं किती लक्ष आहे तुमच्याकडे!”

भोपळ्याला मान वर करवेना.

“हो,” बाबा म्हणाले, “पहिल्यापासूनच.”