बटण्याचं वजन

"चार किलो नऊशे!" डॉक्टरीणबाईंनी काट्यावरचा आकडा वाचला. "मागच्या खेपेला चार होता. काका, ह्याला चोरून कोण चारतंय?"

शिंपीकाकांनी दोन्ही हात वर केले. "मी तुमच्या वाटीनं मोजून घालतो हो. कितीही तोंड वेंगाडलं तरी!"

टेबलावर बटण्या खोकला, बदक ओरडावं तसा. लहान जातीच्या कुत्र्यांची श्वासनळी मऊ पडते, चरबी चढली की आणखी दबते; गळ्याला पट्टा नको, छातीला बांधा, अंगानं सुटू देऊ नका, असं बाईंनी वर्षापूर्वीच बजावलं होतं. काकांनी त्याच दिवशी अस्तराच्या कापडाचा छातीपट्टा शिवला होता.

काकू भिंतीवरच्या चित्रातले कुत्र्याचे दात बघत उभ्या होत्या.

त्याचे चिकट डोळे पुसायच्या त्या. दात घासायच्या, कान साफ करायच्या, ओकलेलं निपटायच्या त्या. आणि बटण्या? दिवसभर काकांच्या मशीनखाली, रात्री त्यांच्याच पायाशी. काकूंकडे ढुंकून बघेल तर शपथ. राबायचं एकीनं आणि लाडका व्हायचा दुसऱ्याचा! काजं करता करता त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग एका दुपारी, काका घोरत असताना, लोणी लावलेलं बिस्कीट त्यांनी पुढं केलं. बटण्या नाचत आला. त्या दिवसापासून रोजची पाच मिनिटं तो त्यांचा एकटीचा होता.

"असंच चाललं तर एक दिवस श्वास कोंडेल," बाई म्हणाल्या.

"मी चारते," काकू हळूच म्हणाल्या.

"तू?" काका उडालेच. "अगं, त्याला स्वयंपाकघरात पाय ठेवू देऊ नका म्हणणारी तू!"

"हो, मीच. तुम्ही झोपल्यावर."

"पण कशासाठी?"

"तुमच्याच पायाशी का झोपतो तो?"

बाई मान खाली घालून औषध लिहू लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नखं टकटकवत बटण्या स्वयंपाकघरात आला आणि नेहमीच्या जागी बसला. काकूंनी रिकामा तळवा पुढं केला. त्यानं हुंगला, बोटांच्या बेचक्या चाटल्या, पुन्हा हुंगला. काकूंच्या तोंडाकडे पाहिलं. मग उठला आणि आला तसा निघाला.

काकूंनी हाक मारली नाही. बाहेरच्या खोलीत तो काकांच्या पायाशी धपकन पडला, ते ऐकू आलं. त्या कान देऊन उभ्या राहिल्या. खोकला आला नाही.