कामी आल्यावर सांगायचं

मास्तरांची कात्री जितकी सरळ चालायची, तितकीच त्यांची मतंही. गणवेशांच्या त्या शिवणखान्यात अठ्ठावीस वर्षं कापड बेतणाऱ्याला माणसंही बेतता येतात, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. नव्या बाईला तर त्यांनी दोनच दिवसांत बेतून टाकलं: हात सोन्याचा, रीतभात शून्य.

बाई दूरदेशाहून आलेली. पंधरा दिवस तिचं काम बघा आणि ठेवायचं की नाही ते शनिवारी सांगा, असं मालकीणबाईंनी मास्तरांवर सोपवलं होतं. तिच्या पदरात सात वर्षांची लेक. ही जागा गेली तर दुसरी मिळवताना तिच्या नाकी नऊ येणार, हे मास्तरांना ठाऊक होतं. पण चूक ती चूक.

चूक अशी की ती आभार मानत नसे. तिची बोटं सुईनं सोलवटलेली बघून मास्तरांनी आपलं जुनं अंगुस्तान, म्हणजे बोटात घालायची पितळी टोपी, तिला दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं, नीट न्याहाळलं आणि मिठाची गुळणी धरून जागेवर जाऊन बसली. अर्धा तास खपून कॉलर बसवायला शिकवली, तेव्हाही तेच.

"थँक्यू म्हणायला काय दात पडतात?" मास्तर इस्त्रीवाल्याला म्हणाले, आणि तेही तिला ऐकू जाईल अशा बेतानं. इस्त्रीवाला बिचारा कामाला लागला.

शनिवारी सकाळी 'नको' हा शब्द घोळवत मास्तर मालकीणबाईंच्या खोलीकडे निघाले, तर बाई वाटेत उभी. पांढऱ्या शर्टांचा शेवटचा गठ्ठा तिनं नुकताच बांधला होता.

"मास्तर, तुमचं अंगुस्तान कामी आलं, ते सांगायचंय," ती म्हणाली. "त्यानं मी सहाशे बटणं लावली. एका शर्टावर रक्ताचा डाग नाही. आणि माझी लेक रस्ता ओलांडताना माझी बोटं घट्ट धरते. आधी मला दुखायचं, मी हात सोडवून घ्यायचे. आता सोडवत नाही."

मग हे त्या दिवशीच का नाही बोललीस, असं मास्तरांनी जरा दरडावूनच विचारलं.

"त्या दिवशी काय बोलणार? तेव्हा त्यानं काही केलंच नव्हतं," ती म्हणाली. "आमच्याकडे वस्तू घेताना बोलत नाहीत. लगेच बोललं की देणाऱ्याला वाटेला लावल्यासारखं होतं. वस्तू कामी आली की यायचं आणि सांगायचं. कॉलरचं अजून सांगायचं राहिलंय, ती नीट जमत नाही."

मास्तर मालकीणबाईंना भेटले. बाईला ठेवा, म्हणाले, आणि मला माणसं बेतता येत नाहीत, हेही सांगून टाकलं. मालकीणबाई म्हणाल्या, हे सगळ्यांना माहीत आहे, तुम्हालाच कळायचं राहिलं होतं.

घरी जाताना मात्र मास्तरांना चैन पडेना. एकोणिसाव्या वर्षी, कॉलेजात दुसऱ्यांदा नापास होऊन ते घरात बसले होते, तेव्हा थोरल्या वहिनीनं स्वतःचं शिलाई मशीन त्यांच्यापुढे आणून ठेवलं होतं. ते त्यांनी चुपचाप घेतलं. घरच्यांचे कसले आलेत आभार, असं म्हणून तीस वर्षं गेली. दुसऱ्याच्या तोंडून थँक्यू वसूल करणारा हा माणूस, आणि आपल्या खऱ्या उपकारकर्तीला एका शब्दानं काही सांगितलं नव्हतं. मास्तरांना स्वतःची लाज वाटली.

रविवारी सकाळीच ते वहिनींकडे गेले. वहिनी खिडकीत मटार सोलत होत्या.

"वहिनी, तुमचं मशीन कामी आलं," ते म्हणाले. "त्यावर हात बसला म्हणून मास्तर झालो. घर केलं, दोन्ही पोरांना शिकवलं. पुन्हा जन्माला आलो तरी हेच काम करीन. ते सांगायला आलो."

वहिनींचे हात थांबले.

"भाऊजी, तुम्ही त्या मशीनबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीत," त्या म्हणाल्या. "मला इतकी वर्षं वाटायचं, तुम्हाला अजून शिकायचं होतं आणि मी मशीन पुढे करून तुमचं शिक्षण मोडलं."

मास्तरांनी स्टूल ओढलं, वहिनींच्या पुढ्यातल्या मूठभर शेंगा आपल्याकडे घेतल्या आणि त्या मशीनवर शिवलेल्या पहिल्या शर्टापासून सांगायला सुरुवात केली.