ओरोझिम्बोंचा ठरलेला गोल

आमच्या पेद्रा मान्सात वर्षाच्या शेवटच्या रविवारी लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे असा फुटबॉलचा सामना असतो. तसा तो ब्राझीलच्या गावोगावी असतो, पण आमच्याकडे त्यातला एक गोल आधीच ठरलेला असतो. तो सेउ ओरोझिम्बोंचा; सेउ म्हणजे आमच्याकडचं 'राव'.

सेउ ओरोझिम्बो एकेकाळी गावच्या संघाचे सेंटर फॉरवर्ड होते. त्यांनी एकूण किती गोल मारले ते त्यांच्याच तोंडून ऐकावं लागतं, आणि खेळणं सोडल्यापासून तो आकडा वाढतोच आहे. आता सत्तरीला टेकले, उजवा गुडघा वाकत नाही, पण लग्न झालेल्यांचा पिवळा शर्ट अजून स्वतः इस्त्री करतात. दुसऱ्या हाफमध्ये त्यांना मैदानात आणायचं, कोणीतरी चेंडू अलगद त्यांच्या पायाशी द्यायचा, की बिनलग्नाच्यांचे बचावपटू झाडून सगळे बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकतात. गोलकीपर भलतीकडे झेप घेतो. चेंडू सावकाश जाळ्यात जातो आणि बँड सुरू होतो. रेफरी म्हणून मी हे वर्षानुवर्षं पाहतो आहे. मी शाळेत इतिहास शिकवतो (आमच्याकडे शाळामास्तरालाही प्रोफेसरच म्हणतात), तेव्हा आधीच ठरवून मिळवलेल्या विजयांची मला सवय आहे.

त्यांचा मुलगा एदिमार बचावपटू आहे. खराखुरा, पगारी, युरोपातला. मिसरूड फुटलं न फुटलं तोच तो पोर्तुगालला गेला, डोंगरातल्या एका क्लबात. तिथे पहिल्यांदा बर्फ पाहिला तेव्हा त्याने आईला फोन करून सांगितलं, की मैदानात कोणाच्या तरी हातून मीठ सांडलंय. तिथून बेल्जियम. तिथे तो बचावफळीच्या मधोमध उभा राहायला शिकला आणि एका दातांच्या डॉक्टरणीशी लग्न करून बसला. तिथून जर्मनी, आधी राखीव, मग पक्का, मग कप्तान. आणि गेल्या मे महिन्यात त्याच्या संघाने युरोपातला मोठा कप जिंकला. समोरच्या संघाचा तो जगप्रसिद्ध स्ट्रायकर त्या दिवशी टीव्हीवर फक्त सामन्याआधीच्या गाण्याच्या वेळी दिसला. त्यानंतर तो एदिमारच्या मागे होता.

जूनमध्ये एदिमार घरी आला तेव्हा गावाने त्याची मिरवणूक काढली. विजेत्याला अग्निशमन दलाच्या गाडीवर बसवायची पद्धत आहे. आमच्याकडे तशी गाडी नाही, म्हणून नगरपालिकेचा पाण्याचा टँकर घेतला. टँकर गळत होता, त्यामुळे मिरवणूक कुठून कुठे गेली ते संध्याकाळपर्यंत दिसत होतं. सेउ ओरोझिम्बो घराच्या खिडकीत उभे होते. टँकर समोर थांबला.

"किती गोल मारलेस?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही, बाबा. पण त्यांनाही मारू दिला नाही."

"म्हणजे लोकांच्या वाढदिवसाला जाऊन केक लपवून आलास."

लोक हसले. एदिमारही हसला, पण कोपर लागल्यावर खेळाडू 'काही नाही, काही नाही' म्हणत हसतो तसा.

त्याची आई, दोना झुल्मिरा, मला म्हणाली, "प्रोफेसर, हा माणूस सामना लावून बसतो आणि पोराकडे बॉल आला की पाणी प्यायला उठतो. पोरगा कप्तान झाल्यापासून इतकं पाणी पितो की रात्री मला झोप नाही."

त्याच आठवड्यात आरिस्तेउच्या बारमध्ये उसाच्या काशासाचा दुसरा पेला संपवून एदिमार मला म्हणाला होता, "जर्मन पेपरवाले मला भिंत म्हणतात. कोच म्हणतो, तू नाहीस तर संघ नाही. सगळं मिळालं, प्रोफेसर. फक्त बाबांनी एकदा म्हणावं, की पोरगा खेळाडू आहे. एकदाच. कप त्यांनाच आणून देतो मग."

"देऊ नकोस. कोंबड्यांना पाणी ठेवतील त्यात," मी म्हणालो.

डिसेंबरच्या सुट्टीत तो परत आला तो एकटाच. सामन्याची समिती आरिस्तेउच्या बारमध्ये बसते, कारण समिती म्हणजे आरिस्तेउच.

"बायको कुठाय रे?" ग्लास पुसता पुसता त्याने विचारलं.

"बेल्जियमला, गेंटला. माहेरी."

"नववर्षाला येईल?"

"आता कधीच नाही येणार. वेगळे झालो आम्ही."

आरिस्तेउचा हात थांबला. त्याने ग्लास खाली ठेवला, एदिमारच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट झालं, भावा. अगदी मनापासून वाईट वाटलं. म्हणजे या वर्षी तू बिनलग्नाच्यांकडून."

"असा नियम आहे?"

"विधुर लग्न झालेल्यांत, वेगळा झालेला बिनलग्नाच्यांत. मी माझ्या मेव्हण्याला सामना होईपर्यंत बहिणीशी भांडू दिलं नव्हतं, गोलकीपर हातचा जाईल म्हणून."

"क्लबने यंदा सुट्टीत खेळायला बंदी केलीय. फक्त चालायला परवानगी आहे."

"मग चाल. तू चाललास तरी तुला ओलांडणारा इथे कोण आहे?" आरिस्तेउने आवाज खाली आणला. "आणि बाबांच्या गोलाचं माहितीय ना? नाडी बांधायची. तुझे ते महागाचे, चिकटपट्टीचे असतील, तर नाडीवाले बूट माझ्याकडून घेऊन जा."

एदिमारने आपल्या बुटांकडे पाहिलं. इतकी वर्षं तो बापाच्याच संघात, मागच्या टोकाला असायचा. नाडी बांधायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

रविवारी तांबडी माती तापून उठली होती. एदिमार खरोखरच चालत होता. बोट दाखवून पोरांना उभं करायचा, आणि चेंडू जणू घरी परतल्यासारखा त्याच्याकडे यायचा. तरी लग्न झालेल्यांनी एका धक्काबुक्कीत एक गोल चढवला, बिनलग्नाच्यांनी तो फेडला. बरोबरी असताना सेउ ओरोझिम्बो मैदानात उतरले. टाळ्या पडल्या. ट्रॉम्बोनवाल्याने ओठ ओले केले.

चेंडू त्यांच्या पायाशी आला. बिनलग्नाचे बचावपटू खाली वाकले. सेउ ओरोझिम्बो दुडक्या चालीने पेनल्टी बॉक्समध्ये शिरले आणि थबकले. समोर एक माणूस सरळ उभा होता.

"सरक," ते म्हणाले.

"नाही."

"आईला काय तोंड दाखवशील?"

"आई तिथे बसलीय, बघतेच आहे. या, बाबा."

म्हाताऱ्याने एकवार बँडकडे पाहिलं. मग पोराकडे पाहिलं. आणि अचानक डावा खांदा टाकून त्यांनी अशी हूल दिली, की मीसुद्धा तिकडेच वळलो. एदिमारचं वजन बापाच्या डाव्या बाजूला गेलं. क्षणभर गोलची अख्खी उजवी बाजू मोकळी पडली. सेउ ओरोझिम्बोंनी पाय उचलला, आणि एदिमार, ज्याला फक्त चालायची परवानगी होती, तो मातीत लांबच लांब घसरत आला. चेंडू त्याच्या बुटाला लागून बाजूला गेला. बापाचा पाय हवेतून फिरला आणि ते धुरळ्यात कोसळले.

ट्रॉम्बोन अर्ध्या सुरात बंद पडला.

मग सगळं गाव एकदम ओरडलं, "पेनल्टी!"

"बापाला पाडलंस, नालायका!" दोना झुल्मिरा उभी राहिली. "यासाठी तुला दूध पाजलं?"

"प्रोफेसर, शिट्टी!" आरिस्तेउ रेषेवरून किंचाळला. "लवकर! ते उठायच्या आत!"

मी पाहिलं होतं. चेंडू स्वच्छ घेतला होता. पण मला याच गावात भाजी आणायची असते. मी शिट्टी तोंडात घातली आणि श्वास भरला.

"खबरदार!"

आवाज धुरळ्यातून आला. सेउ ओरोझिम्बो उठून बसले होते. तोंडावर माती, शर्टाची इस्त्री गेलेली.

"वाजवलीस तर बघ! बॉल घेतलाय त्याने. आधी बॉल, मग मी. आंधळा आहेस काय?"

"पण सेउ ओरोझिम्बो, लोक म्हणतायत…"

"लोकांना काय कळतं? मला वाटलं होतं तरी, एवढ्या वर्षांत एखाद्याला तरी नाडी घरूनच पक्की बांधून यायला जमेल!"

मैदानात कोणी कोणाकडे बघेना. गोलकीपरने हातमोजे काढले, पुन्हा घातले. एदिमारने हात पुढे केला. बापाने तो धरला, उठले, आणि हात सोडला नाही.

"खांद्याला फसलास ना पण?"

"फसलो, बाबा. अर्धं पाऊल."

"अर्धं?"

"बरं, एक."

"हं." त्यांनी तोंडातली माती थुंकली आणि आपल्या संघाकडे वळून हाक दिली, "ए, उभे काय राहिलात पुतळ्यासारखे? बॉल द्या मला! किती वर्षांनी समोर खेळाडू आलाय!"

एदिमारने पाठ फिरवली आणि शर्टाने तोंड पुसलं. घाम होता, असं त्याने मला नंतर सांगितलं. मी तशीच नोंद घेतली.

त्यानंतर सेउ ओरोझिम्बोंना बाहेर काढायची कोणाची हिंमत झाली नाही. चेंडू मिळाला की ते सरळ पोराच्या अंगावर जायचे, पोरगा तो काढून घ्यायचा, आणि ते "शाब्बास!" ओरडून पुन्हा मागायचे. बाकीच्या संघाला चेंडूचं दर्शन होईना. शेवटी बिनलग्नाच्यांनी आणखी एक गोल मारला आणि जिंकले. बँडवाल्यांनी, एवढी तयारी केलीच आहे तर म्हणून, सगळी गाणी वाजवली.

हरलेल्यांनी मांस भाजायचं आणि जिंकलेल्यांनी बसून खायचं, अशी पद्धत. सेउ ओरोझिम्बो लोखंडी सळई हातात घेऊन निखाऱ्यांपाशी उभे होते आणि जो थाळी घेऊन येईल त्याला सांगत होते.

"जर्मनीतले भलेभले याच्यासमोर मैदानाच्या मध्यावरच गारद होतात. मी कुठे होतो? बॉक्सच्या आत! जाऊन मोजा."

"पण गोल कुठे झाला, सेउ ओरोझिम्बो?" आरिस्तेउ म्हणाला.

"होईल कसा? समोर कोण होतं ते दिसलं नाही तुला?" त्यांनी सगळ्यांत मोठा तुकडा कापून एदिमारच्या थाळीत टाकला. "आणि तू ऐक. लगेच दुसरं लग्न करायचं नाही."

"काय?" दोना झुल्मिरा ओरडली. "औषधवाल्याच्या मुलीकडे मी शब्द टाकलाय!"

"सांग त्यांना थांबायला. पुढच्या सामन्यापर्यंत हा मला समोर हवाय."

"आणि त्याच्या पुढच्या वर्षी?" दोना झुल्मिराने विचारलं.

सेउ ओरोझिम्बोंनी सळई फिरवत थोडा विचार केला. "तेव्हा माझा गुडघा कसा आहे ते बघून ठरवू," ते म्हणाले, आणि एदिमार तोंडातला घास न गिळता मान डोलावत राहिला.